तुम्हाला आवडेल तो साउंडबार

मास्तर आणि ताई यांच्या लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं आणि तेवढ्या काळात त्यांच्यात एकदाही भांडण झालेलं नव्हतं. लोकांना याचं फार कौतुक वाटे. ताईंना मात्र अलीकडे त्याची जराशी धास्तीच वाटायला लागली होती.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून ते कित्येक वर्षं शहरभर फिरत आले होते. ताई पडदे शिवायच्या. बाजारात त्यांचं स्वतःचं दुकान होतं, आणि पडद्याची चुणी कशी पडावी याबाबत गिऱ्हाइकं त्यांचा शब्द खाली पडू देत नसत. दोघंही साठीच्या उंबरठ्यावरचे, दोघांचेही पहिले जोडीदार आजारपणात गेलेले, दोघांचीही मुलं मार्गी लागलेली. कापडाचे गठ्ठे वाहायला दरवेळी टेम्पोवाल्याची मनधरणी करायचा कंटाळा आला म्हणून ताई गाडी शिकायला गेल्या. शिकल्या, परीक्षा पास झाल्या, आणि त्यानंतरही रिव्हर्स घेताना हात अडखळतो असं सांगून आठवड्यातून एकदा जातच राहिल्या. त्यांना रिव्हर्स झकास जमतो हे मास्तरांना केव्हाच कळलं होतं. शेवटी एकदा सिग्नलला गाडी उभी असताना त्यांनी विचारलं आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत ताई हो म्हणून मोकळ्या झाल्या.

आपापली जुनी घरं मुलांवर सोपवून दोघांनी भाड्याने नवी जागा घेतली. सामान मात्र दोन्हीकडून आलं. हॉलमध्ये डाव्या भिंतीला मास्तरांची मागे कलणारी खुर्ची, उजव्या बाजूला खिडकीपाशी ताईंची रुंद हातांची खुर्ची, आणि समोर टीव्ही. संध्याकाळी दोघं आपापल्या खुर्चीत बसत आणि माना वाकड्या करून टीव्ही बघत. मास्तर ताईंना 'तुम्ही' म्हणत. गाडी शिकवताना लागलेली सवय तशीच पुढे चालू राहिली होती, आणि ती मोडायची कशी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

खरी अडचण होती ती भिडेची. ताईंनी मागची बरीच वर्षं सगळे निर्णय एकटीने घेतले होते. दुकान वाढवलं, मुलाचं शिक्षण केलं, नळ गळला तर समोर उभं राहून प्लंबरकडून दुरुस्त करून घेतला. त्यामुळे आपल्याला हुकूम सोडायची खोड लागली आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि या नव्या संसारात ती दाखवायची नाही असा त्यांनी चंगच बांधला होता. मास्तरांची तऱ्हा उलटी. त्यांच्या आधीच्या घरात चमच्यापासून कपाटापर्यंत सगळं त्यांच्या बायकोने निवडलेलं. घर बाईच्या मनासारखं असावं, आपण गाडी बघावी, असा त्यांचा सरळ हिशेब. त्यामुळे ताई विचारत, "तुम्हाला काय आवडेल?" मास्तर म्हणत, "तुम्हाला चालेल ते." ताई म्हणत, "माझं काय, तुम्हाला चालेल ते मला चालेल." आणि मग काहीच होत नसे. हॉलमधला दिवा शेडशिवाय लोंबकळत राहिला होता तो याच सौजन्यापायी.

फक्त पडद्यांच्या बाबतीत मास्तर एकदाच ठामपणे म्हणाले होते, "ते तुमचं खातं." ताईंनी मग हात राखला नाही. खिडकीची अख्खी भिंत भरून, छतापासून जमिनीपर्यंत, गडद निळ्या जाड कापडाचे, आत अस्तर लावलेले पडदे त्यांनी शिवले. मास्तर रोज घरी आले की जाताजाता त्या पडद्यावरून हात फिरवत. ताईंनी ते पाहिलं होतं, पण कधी बोलून दाखवलं नव्हतं.

तर एका सुट्टीच्या दिवशी मास्तरांची लेक भेटायला आली. टीव्हीवर खुनाच्या तपासाची मालिका चालू होती. गेले काही आठवडे दोघं ती रोज न चुकता बघत होते. लेकीने सहज विचारलं की गोष्ट काय आहे. मास्तर म्हणाले, तो माळी आहे ना, त्याच्यावर सगळ्यांचा संशय आहे, पण तो काही खरा गुन्हेगार वाटत नाही. ताईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे माळी सुरुवातीलाच मेला होता आणि हा जो फिरत होता तो त्याचा भाऊ होता. लेकीने फोनवर शोधून पाहिलं. मालिकेत माळी नव्हताच. तो घोड्यांचा डॉक्टर होता.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टीव्हीचा आवाज पातळ, कागदामागून कुणी बोलावं तसा. गाडीचे टायर करकचून वाजलेले कळत, दार आपटलेलं कळत, पण माणसं काय बोलतात ते दोघांच्याही डोक्यावरून जात होतं. मास्तरांना वाटे, ताई एवढ्या मन लावून बघतात, मधे आवाज वाढवायला कुठे सांगा. ताईंना वाटे, मास्तरांना ऐकू येतंय म्हणजे खोट आपल्याच कानात असणार. दोघांनी मनातल्या मनात आपापली मालिका रचली होती.

लेक पोट धरून हसली. हसून झाल्यावर तिने समजावलं की दोष कानांचा नाही. हल्लीचे टीव्ही इतके चपटे असतात की त्यात धड स्पीकर बसवायला जागाच नसते. साउंडबार घ्या, ती म्हणाली, लांब पट्टीसारखा एकच नग येतो, टीव्हीखाली ठेवायचा, कोपऱ्याकोपऱ्यात डबे आणि वायरी नकोत. काहींचा आवाज तर भिंतींवर आपटून असा परत येतो की माणसाच्या चारी बाजूंनी वाजल्यासारखं वाटतं. जाताना तिने बजावलं, "आणि बाबा, दोघांनी मिळून निवडा."

दोघांनी मिळून निवडायचं म्हणजे काय होणार हे ताईंना दिसत होतं.

टीव्ही-स्पीकरच्या दुकानातली बाई मोठी चटपटीत होती. तिने त्यांना एका छोट्या खोलीत नेऊन कोचावर बसवलं, दार लावलं आणि विचारलं की तुम्ही टीव्हीवर बघता काय. ताई लगेच म्हणाल्या, "यांना गाड्यांच्या शर्यती फार आवडतात." त्याच दमात मास्तर म्हणाले, "यांना गाण्याबजावण्याचे कार्यक्रम." बाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाली, मग तर तुम्हाला सगळ्यात मोठाच लागेल.

तिने तो लावला. आधी एक शर्यत झाली. गाडी कोचाच्या डावीकडून आली आणि मागून फिरून उजवीकडे गेली. मग हेलिकॉप्टर आलं. ते डोक्यावर घिरट्या घालायला लागलं तशी ताईंनी नकळत मान खाली घातली. त्यांना किंचित गरगरल्यासारखं झालं. पण बाजूला मास्तर ताठ बसून समोर बघत होते, तेव्हा त्यांना हे आवडलेलं दिसतंय असं ताईंनी ठरवलं. मास्तर ताठ बसले होते ते छातीत धडधडत होतं म्हणून. ताईंनी मान खाली घातलेली पाहून त्यांना वाटलं, किती तल्लीन झाल्यात.

"कसा वाटला?" बाईने विचारलं.

"यांना आवडला असेल तर माझी काही हरकत नाही," मास्तर म्हणाले.

"यांना हवा असेल तर घेऊनच टाकू," ताई म्हणाल्या.

बाईने खोका बांधायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुकानातून बसवणारा गृहस्थ आला. जाडजूड, शांत, हातात मोजपट्टी. खोक्यातून साउंडबारची ती पट्टी निघाली तेव्हा ताईंना इस्त्रीचं टेबलच आठवलं. टीव्हीच्या खालच्या कपाटावर ती मावेना, दोन्ही टोकं हवेत राहिली. शिवाय उंचीला एवढी की टीव्हीचा खालचा भाग रिमोटच्या सेन्सरसकट झाकला गेला, आणि रिमोट दाबायचा तर उभं राहून, हात वर करून दाबावा लागे. गृहस्थाने कपाट पुढेमागे सरकवून कसंबसं जमवलं आणि तेच हेलिकॉप्टर लावलं.

हेलिकॉप्टर डावीकडून छान आलं. डोक्यावर आलं. मग खिडकीकडे वळलं आणि गडप झालं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. गृहस्थ खोलीभर फिरला, टाळ्या वाजवून आवाज कसा घुमतो ते पाहिलं आणि निळ्या पडद्यांसमोर येऊन थांबला. याचं काम भिंतीवर चालतं, तो म्हणाला, एका बाजूला कोरी भिंत आहे ती आवाज परत पाठवते, दुसऱ्या बाजूला हे एवढं जाड कापड आहे ते सगळा आवाज पिऊन टाकतं. पडदे काढा नाहीतर पातळ लावा. आणि बसायला दोघांना मधोमध बसावं लागेल, असं भिंतीला लागून नाही.

"पडदे निघणार नाहीत," मास्तर म्हणाले.

ताई तोवर स्टूल ओढत खिडकीपाशी पोचल्या होत्या. "काढते ना. किती वेळ लागतोय? दुकानात पातळ कापड पडलंय भरपूर."

"निघणार नाहीत म्हटलं."

"अहो, पण एवढी वस्तू तुमच्यासाठी आणली आणि तिचा आवाज कापडात जिरवायचा का?"

"माझ्यासाठी?" मास्तर उठून उभे राहिले. "मी कधी मागितली? तुम्हाला हेलिकॉप्टर आवडलं म्हणून घेतली."

"मला? मला तर गरगरलं!"

बोलताबोलता ताई स्टुलावर चढल्या, टाच उचलून त्यांनी वरची कडी धरली, आणि स्टूल डगमगलं.

"थांब!" मास्तर गरजले. "खाली उतर आधी!"

हा आवाज ताईंनी फक्त गाडीत ऐकला होता, एकदाच, समोर अचानक सायकलवाला आला होता तेव्हा. मास्तरांचा उजवा पाय जमिनीवर गच्च दाबला गेला होता, जणू तिथे ब्रेक होता. ताई मुकाट्याने खाली उतरल्या. उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"मला 'तू' म्हणालात."

मास्तर ओशाळले. तोंडातून निघून गेलं, म्हणाले.

"ते राहू द्या तसंच," ताई म्हणाल्या, आणि मग का कोण जाणे, त्यांना एकदम संताप आला. "पण तुम्ही कधी काही मागतच नाही हो. मी रोज अंदाज बांधायचा. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईकसुद्धा निदान रंग तरी सांगतं. तुमचं आपलं चालेल, चालेल, चालेल. चालेल म्हणजे काय? आवडलं की नाही आवडलं?"

मग मास्तरही सुटले. "आणि तू? दुकानात तू बायकांना कशी दटावतेस ते मी बाहेर उभं राहून ऐकलंय. काय खणखणीत आवाज असतो. आणि घरात आलीस की कुजबुजतेस. मला रोज वाटतं, ही बाई माझ्याकडे पाहुणी आली आहे, दोन दिवसांनी बॅग भरून जाईल."

बसवणारा गृहस्थ खाली मान घालून वायरीचं वेटोळं करत होता. ते करून झाल्यावर त्याने सोडलं आणि पुन्हा केलं.

"शर्यती आवडत नाहीत का तुम्हाला?" ताईंनी विचारलं.

"दिवसभर गाडीत बसतो मी. संध्याकाळी पुन्हा गाड्याच कशाला बघू? पहिल्या दिवशी तूच लावलं होतंस ते."

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून लावलं. मी इकडे बसल्या बसल्या हेमिंगचे टाके मोजते मनात. आणि ते गाण्याबजावण्याचे कार्यक्रम? एकसारखे टाळ्या पिटतात. डोकं उठतं माझं."

"मग तुला काय आवडतं?"

ताईंनी विचार केला. हा प्रश्न गेल्या कित्येक महिन्यांत रोज विचारला गेला होता, आणि त्यांनी एकदाही खरं उत्तर दिलं नव्हतं. "माणसं बोलतात ते," त्या म्हणाल्या. "बातम्या, मुलाखती, चांगली गोष्ट. शब्द कळायला हवेत. फिरणारं, उडणारं काही नको मला."

"मला समुद्र," मास्तर म्हणाले. "समुद्राखालचं दाखवतात ना, ते. पण त्यात जरा घुमणारा आवाज हवा."

त्यानंतर दोघांनी जे सुरू केलं ते आवरेना. पंखा फार जोरात असतो हे निघालं. चहा फिका होतो हे निघालं, तोही दोघांच्याही मते, कारण ताई मास्तरांसाठी पत्ती कमी घालत आणि मास्तर ताईंसाठी तो प्रेमाने पीत. मास्तरांच्या घरून आलेलं, दर तासाला पक्षी बाहेर येऊन ओरडणारं घड्याळ ताईंना सहन होत नव्हतं. ते मास्तरांनाही कधी आवडलं नव्हतं, पण ते आता काढलं तर बरं दिसेल का, अशी त्यांना शंका होती. ताई म्हणाल्या, ते लेकीला द्या, तिच्या आईची आठवण म्हणून तिला हवंसं असेल. मास्तर एवढंच म्हणाले की हे मला सुचायला हवं होतं, आणि थोडा वेळ घड्याळाकडे बघत राहिले.

अखेर गृहस्थाने खाकरून विचारलं की ही पट्टी ठेवायची आहे की न्यायची आहे. बदलून देतो, तो म्हणाला, खोका धड आहे तोवर.

"न्या," दोघं एकदम म्हणाले.

दुकानातल्या बाईने त्यांना पुन्हा आलेलं पाहिलं तेव्हा तिचा चेहरा जरा पडला. पण या वेळी आलेली माणसं वेगळीच होती. ताईंनी पर्स कोचावर टाकली आणि सांगितलं की हेलिकॉप्टर लावायचं नाही, बातम्या लावायच्या, आणि आवाज हळू ठेवायचा. मोठा करून कुठलाही चांगलाच वाटतो. मास्तरांनी खिशातून मोजपट्टी काढली आणि प्रत्येक पट्टीची लांबी-उंची स्वतः घेतली, गाडी कुठल्या फटीतून जाईल याचा अंदाज घ्यावा तशी.

पहिल्या पट्टीतून टीव्हीवरची बाई बातम्या देत होती की गुळण्या करत होती ते कळेना. दुसऱ्यात शब्द लख्ख होते, ताईंनी लगेच हात वर केला, पण मास्तरांनी समुद्र लावायला सांगितला आणि देवमासा मांजरासारखा ओरडला. मास्तर म्हणाले, हा नाही. ताई म्हणाल्या, देवमासा महिन्यातून एकदा, बातम्या रोज. मास्तर म्हणाले, महिन्यातून एकदाचा असला तरी तो देवमासा वाटायला हवा. दुकानातली बाई मधे पडायला गेली तर दोघांनीही तिला हाताने थांबवलं. शेजारी एक नवं जोडपं भल्या थोरल्या पट्टीपुढे बसलं होतं. त्यांनी मान वळवून बराच वेळ यांचीच चर्चा ऐकली.

चौथी पट्टी मध्यम आकाराची होती. कपाटावर मावणारी, टीव्हीच्या खाली जेमतेम सरकणारी. बातम्या देणारीचा शब्दन् शब्द त्यातून सुटा येत होता. रिमोटवर नुसतं बोलणं ठळक करायचं वेगळं बटण होतं, ते ताईंनी चार वेळा दाबून पाहिलं. मग समुद्र लावला. लाट डावीकडून सुरू होऊन दोघांच्या अंगावरून गेल्यासारखी वाटली. मागे काही फिरलं नाही, डोक्यावर काही आलं नाही, पण खालून एक खोल घुमारा आला आणि कोचाची गादी थोडीशी थरथरली. मास्तरांनी डोळे मिटले. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांना अंदाज बांधावा लागला नाही.

"मला आवडला," मास्तर म्हणाले. "चालेल नाही म्हणत. आवडला."

"घुमणं जरा जास्तच आहे," ताई म्हणाल्या.

"ते कमी करता येतं."

"बातम्यांना कमी करायचं."

"आणि देवमाशाला नाही."

"बरं."

बाईने घाईघाईने खोका आणवला, पुन्हा कुणाचं मन फिरायच्या आत.

या वेळी बसवायला कुणाला बोलावलं नाही. मास्तरांनी एकच वायर होती ती स्वतः जोडली, ताईंनी मागून टॉर्च धरला आणि चुकीच्या भोकात घालताय असं दोनदा सांगितलं. एकदा ते बरोबर निघालं. पडदे जागच्या जागी राहिले. सिनेमा असला की खिडकीकडचा पडदा अर्धा सरकवायचा, म्हणजे तेवढीच भिंत मोकळी होते, ही युक्ती ताईंचीच.

राहता राहिला बसण्याचा प्रश्न. बोलणं सगळ्यात स्वच्छ ऐकू येत होतं ते बरोबर मधोमध, आणि तिथे तर काहीच नव्हतं. दोन्ही खुर्च्या मधे आणून पाहिल्या. मास्तरांची मागे कलली की भिंतीला टेकायची आणि ताईंची रुंदीला इतकी की स्वयंपाकघराची वाट अडली. तेव्हा कोच घ्यायचा ठरला. मास्तरांना चामड्याचा हवा आहे. ताईंच्या मते चामडं उन्हाळ्यात अंगाला चिकटतं, आणि शिवाय घरचं कापडाचं दुकान असताना चामडं आणणं हा त्यांचा अपमान आहे. तीन दुकानं झाली, दोघांचा मुद्दा तसूभरही हललेला नाही. ताईंचा मुलगा फोनवर विचारतो की काय ठरलं, तर त्याला दोन्ही बाजू सविस्तर, एकामागोमाग एक, ऐकून घ्याव्या लागतात.

तोवर त्यांनी जेवणाच्या टेबलाच्या दोन लाकडी खुर्च्या आणून टीव्हीसमोर बरोबर मधोमध, एकमेकींना चिकटून ठेवल्या आहेत. दवाखान्यात आपला नंबर लागायची वाट बघावी तसे दोघं तिथे रोज संध्याकाळी ताठ बसतात. खुर्च्या टणक आहेत, पाठ दुखते, आणि मधेच ताई म्हणतात, "अहो, त्या बाईचं काय म्हणणं होतं?" मास्तर सांगतात. मग ताई म्हणतात की मला ऐकू आलं होतं नीट, तुम्हाला आलं की नाही ते बघत होते.